तान्ह्या मुलांच्या अंगावरील जांभळी चक्रे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चिरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याख्यात्याने इतिहासावर बोलावे, असा संकेत आहे. त्यातून हे गाव चिरगाव. मैथिलीशरण गुप्तांसारख्या कवीचा जन्म १८८६ साली ज्या मातीत झाला, तेथे साहित्यावर बोलण्याचा मोह कोणालाही व्हावा. शिवाय बुंदेलखंडातील मराठी माणसाला इतिहासाची वाण नाही. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यास धावून आले, तेव्हापासून आपल्या घराण्यांची पाळेमुळे या मुलखात रुजली, हे येथील लहान मुलेही सांगतात. परंतु चिटणिसांनी आमच्याकडे निरोप धाडला तो वेगळाच. "बायकामाणसांच्या उपयोगी पडेल असे काही सांगा," असे त्यांचे शब्द होते. म्हणून साहित्य व इतिहास हे विषय अधिकारी वक्त्यांकडे सोपवून आम्ही एका दुर्मीळ रोगाविषयी बोलणार आहो.

दुर्मीळ रोगावर बोलून उपयोग काय, असे कोणी विचारील. या रोगाची गेल्या शंभर वर्षांत जगातील वैद्यकीय नियतकालिकांतून जी नोंद झाली, ती काही शेकडा रुग्णांची. नोंद न झालेले पुष्कळ असणार, हे उघडच आहे. तरीही तो नित्याचा रोग नव्हे. पण त्याचे वैशिष्ट्य असे की, तो दिसतो अतिशय भयंकर आणि असतो बहुतेक निरुपद्रवी. उलट, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक रोग असा आहे की, जो एका दिवसात मूल हिरावून नेतो. या दोहोंतला भेद घरच्या माणसाला थोडाफार तरी कळणे हा आमच्या बोलण्याचा खरा हेतू आहे.

रोगाचे इंग्रजी नाव अक्यूट हेमोरेजिक एडिमा ऑफ इन्फन्सी. मराठीत त्याला तान्हेपणीची तीव्र रक्तस्रावी सूज म्हणता येईल. १९१३ साली अमेरिकेतील बफेलो येथील डॉक्टर अर्व्हिंग स्नो यांनी अंगावर पिणाऱ्या एका बालकाच्या हातापायांवरील सूज व रक्ताळलेले डाग यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९३८ मध्ये हाइनरिख फिंकेलश्टाइन यांनी आणि त्यानंतर लवकरच झाइडलमायर यांनी जर्मन भाषेत त्याचे सविस्तर चित्र रेखाटले, म्हणून युरोपात या दोघांच्या नावाने हा रोग ओळखला जातो. फिंकेलश्टाइन हे बर्लिनचे नामांकित बालरोगतज्ज्ञ. ज्यू असल्याने नात्सी राजवटीत त्यांना मायदेश सोडावा लागला आणि १९४२ साली दूर चिली देशात त्यांचा अंत झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची मुले वाचविणाऱ्या मनुष्याला म्हातारपणी घर सोडावे लागावे, ही गोष्ट आम्हांला फार लागते. विषयांतर झाले, क्षमा असावी.

झाइडलमायर यांनी या डागांना 'कोकार्ड' म्हटले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळी लोक टोपीवर वाटोळी, रंगीत कड्यांची फीत लावीत, तिचे ते नाव. आपल्याकडे उपमाच द्यावयाची तर रांगोळीतील एकात एक काढलेल्या वर्तुळांची देता येईल. मध्ये गडद जांभळा ठिपका, भोवती फिकट कडे, त्याच्या बाहेर पुन्हा लालसर कडे. आकार रुपयाएवढा, कधी त्याहून मोठा. गालांवर, कानांच्या पाळ्यांवर, दंडांवर, मांड्या-पोटऱ्यांवर अशी चक्रे उठतात. छाती-पोट बहुधा मोकळे राहते. हाताचे व पायाचे पंजे, पापण्या, कान सुजतात, मुलग्यांत क्वचित अंडकोशही सुजतो. सूज दाबली तर मूल रडते. वय बहुधा चार महिने ते दोन वर्षे, आणि मुलींपेक्षा मुलगे अधिक. आठपंधरा दिवस आधी सर्दी-खोकला, कान फुटणे किंवा हगवण झालेली असते. कधी एखादे प्रतिजैविक औषध चालू असते, कधी लस टोचलेली असते.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. एवढे सगळे अंगावर मिरवीत असलेले मूल खेळत असते. थोडीशी कणकण असेल, किरकिर असेल, पण ते अंगावर पिते, हाक मारली की हसते, खुळखुळ्याकडे हात नेते. चेहऱ्याकडे पाहून आईच्या तोंडचे पाणी पळालेले आणि मूल मात्र मजेत, असा हा विलक्षण विरोध आहे. डॉक्टरसुद्धा प्रथम पाहताना दचकतो, तेथे घरच्यांची काय कथा!

हे होते कसे? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये असतात. जंतू व प्रतिद्रव्ये यांच्या संयोगाने झालेले सूक्ष्म पुंजके रक्तातून वाहता वाहता त्वचेतील केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात, असे मानले जाते. त्यांना हुसकावण्यासाठी पांढऱ्या पेशी धावतात, तेथेच फुटतात, त्यांच्या केंद्रकांची भुकटी होते आणि त्या झटापटीत भिंत झिरपू लागते. या दाहाला रक्तवाहिनीदाह म्हणावे. पाणी झिरपले की सूज, रक्त झिरपले की डाग. आणि एकदा वाहिनीबाहेर पडलेले रक्त मार लागल्यावर जसे काळेनिळे, मग हिरवट, मग पिवळे पडत जाते, तसेच येथेही पडते. म्हणजे डागांचा रंग बदलत जाणे हे रोग चढल्याचे लक्षण नव्हे, ते विरण्याचे लक्षण आहे.

आपल्या घरांत अशा प्रसंगी काय घडते, ते आम्ही पुष्कळ पाहिले आहे. पहिल्या दिवशी हे चट्टे लाल व उचललेले असतात. आजी म्हणते, "पित्त उठले, गांधी आल्या." मग कोकणातल्या पाहुण्यांनी मोठ्या कौतुकाने आणून दिलेली आमसुले भिजत पडतात आणि ते पाणी मुलाला चोळले जाते. त्याने अपाय नाही. पण लक्षात ठेवावे की, पित्ताची गांधी काही तासांत एका जागी मावळून दुसरीकडे उठते, चोवीस तास एका ठिकाणी क्वचितच टिकते. हे चट्टे जागचे हलत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जांभळे होतात.

शेजारच्या बुंदेली काकी म्हणतात, "माता निकली है." देवीच्या रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९७७ साली देश त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. परंतु रोग गेला तरी त्याचे शब्द गेले नाहीत. अंगावर काहीही उठले की ती माता, आणि माता म्हटली की औषध वर्ज्य, दाराशी कडुनिंबाचा डहाळा आणि बाळ अंधाऱ्या खोलीत. श्रद्धेची चेष्टा करणे हा आमचा स्वभाव नाही. कडुनिंब अवश्य बांधावा. मात्र तो बांधून होईपर्यंत मुलाला दवाखान्यात नेण्याची तयारीही झालेली असावी. बिब्बा घालणे, डाग देणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. बिब्ब्याने तान्ह्याची कातडी भाजून निघते आणि मूळ डाग कोणता व बिब्ब्याचा कोणता, हे मग जाणत्यालाही ओळखू येत नाही.

तिसरी शक्यता आहे ती सांगताना संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. आमच्या पाहण्यात अकरा महिन्यांचा एक मुलगा आला होता. गाव व घराणे सांगण्याचे कारण नाही. दोन्ही कान सुजून जांभळे, गालांवर वळ उमटावेत तसे डाग. आई शाळेत शिक्षिका, दिवसभर मूल सांभाळावयास एक पोरसवदा मुलगी ठेवलेली. कोणी तरी कान पिळल्याखेरीज असे होणार नाही, असा घरात निष्कर्ष निघाला आणि त्या मुलीला त्याच संध्याकाळी घालवून देण्यात आले. दुसऱ्या दिवशी मांड्यांवर आणि पायांच्या पंजांवर नवी चक्रे उठली, तेव्हा मुलाला आमच्याकडे आणले. रक्त तपासले, लघवी तपासली, सर्व ठीक. मुलगा टेबलावर बसून आमच्या स्टेथोस्कोपची नळी चघळीत होता. अडीच आठवड्यांत कातडी पूर्ववत स्वच्छ झाली. त्या कुटुंबाने मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली, हे त्यांच्या चांगुलपणाचे द्योतक. मुलगी मात्र कामावर परत आली नाही. मुलांना मारहाण होत नाही असे आम्ही म्हणत नाही. होते, आणि ती संशयाने पाहिलीच पाहिजे. पण कोणावर आळ घेण्यापूर्वी मूल एकदा तज्ज्ञाच्या नजरेखालून जावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आता त्या दुसऱ्या, घातक रोगाकडे वळू. मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूने मेंदूज्वर होतो आणि कधी तो जंतू थेट रक्तात पसरतो. दिल्लीत १९६६, १९८५ व २००५ या वर्षी त्याच्या साथी आल्या होत्या. त्यातही अंगावर जांभळे डाग उठतात. मात्र हे मूल खेळत नसते. ताप जोराचा, मूल मलूल, अंगावर पिण्यास तोंड लावीत नाही, हातपाय गार, श्वास जलद, टाळू वर आलेली, रडणे पातळ व कण्हल्यासारखे. डाग तासातासाने वाढतात व पसरतात. येथे उद्या सकाळी नेऊ म्हणणे म्हणजे मूल गमावणे होय. योग्य प्रतिजैविकाची पहिली मात्रा जितकी लवकर शिरेतून जाईल, तितकी आशा अधिक. चिरगावच्या सामुदायिक स्वास्थ्य केंद्रापासून झाशीचे वैद्यकीय महाविद्यालय तीसएक किलोमीटर. १९६८ साली स्थापन झालेल्या आणि राणी लक्ष्मीबाईंचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेपर्यंतचा रस्ता रात्री-अपरात्रीही तुटलेला नसतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, ती येईपर्यंत जवळच्या डॉक्टरला दाखवावे आणि पहिली सुई तेथेच देता येईल का, हे विचारावे.

डाग रक्तस्रावाचा की नुसता लालीचा, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती प्रत्येक घरात करता येते. काचेचा स्वच्छ पारदर्शक पेला घ्यावा आणि त्याची बाजू डागावर घट्ट दाबून काचेतून पाहावे. घामोळे, पित्त, गोवर यांची लाली दाबल्यावर मावळते. वाहिनीबाहेर सांडलेले रक्त मावळत नाही. आपल्याकडील सावळ्या कांतीवर हे पाहणे अवघड जाते, हे खरे. म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू व टाळा, जेथे रंग फिकट असतो, तेथे आधी पाहावे. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी भरलेल्या पाठीवर काही निवडून काढणे आम्हांलाही कठीण होते. न मावळणारा डाग आणि ताप ही जोडी आढळली की, मूल कितीही हसत असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. हसणारे मूल पाहून घरीच निर्णय करावा, असे आमचे सांगणे मुळीच नाही. निदान करणे हे डॉक्टरचे काम, निकड ओळखणे हे तुमचे.

डॉक्टरच्या मनात त्या वेळी आणखी काही रोग असतात. पावसाळ्यानंतर डेंग्यू असतो. त्यात रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात. आपल्या या रोगात ते पुरेसे, कधी जास्तच असतात. खेड्यात, गुरांच्या गोठ्याजवळ राहणाऱ्या मुलांत गोचीड चावून होणारा ठिपक्यांचा ताप असतो. तळहात-तळपायांवर पुरळ आणि तीव्र ताप ही त्याची खूण, आणि डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाल्यास मूल झपाट्याने सुधारते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बालरोगतज्ज्ञांना तो चांगला परिचयाचा आहे. फिकेपणा, वजन घटणे, यकृत-प्लीहा वाढणे दिसले तर रक्ताच्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो.

हेनोख-शोनलाइन या जोडनावाने ओळखला जाणारा रोग आपल्या रोगाचा थोरला भाऊ म्हणावा, इतका जवळचा आहे. तो साधारणपणे तीन वर्षांपुढील मुलांना होतो. डाग पायांवर व नितंबांवर अधिक, चेहऱ्यावर क्वचित. घोटे-गुडघे दुखतात, पोटात कळा येतात, शौचातून रक्त पडते, आणि जवळजवळ एकतृतीयांश मुलांत मूत्रपिंडावर थोडाबहुत परिणाम होतो. म्हणून त्यात सहा महिने लघवी तपासत राहावी लागते. आपल्या धाकट्या रोगात आतड्यांना वा मूत्रपिंडांना बाधा क्वचितच होते. हे दोन रोग वेगळे की एकाच रोगाची दोन वयांतली रूपे, याविषयी विद्वानांत वाद आहे. मुलाच्या आईला त्या वादाचे सोयरसुतक नसते, आणि तेच बरोबर आहे.

ज्याची चुकामूक सर्वांत महागात पडते, असा आणखी एक रोग म्हणजे कावासाकीचा. टोकियोचे डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ साली त्याचे वर्णन छापले. यातही हातपाय सुजतात, यातही मूल लहानच असते. परंतु ताप पाच-पाच दिवस हटत नाही. डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ लाल व फुटलेले, जीभ पिकलेल्या तुतीसारखी खडबडीत लाल, मानेत गाठ, आणि दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते. आपल्याकडच्या बालकांत एक विशेष खूण मिळते. जन्मतः डाव्या दंडावर टोचलेल्या बी.सी.जी.च्या वणाची जागा एकाएकी लाल होऊन फुगते. उपचार न झाल्यास अशा चारपाच मुलांतील एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येतात. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हा धोका पुष्कळच घटतो. औषध महाग आहे. म्हणून पाचव्या दिवशीही ताप हटला नाही तर "विषमज्वर असेल, बघू" असे म्हणून नुसत्या गोळ्या बदलीत राहू नये.

निदान ठरल्यावर उपचार काय, असे विचाराल तर आमच्याकडे देण्यासारखे फार थोडे आहे आणि घेण्यापासून परावृत्त करण्यासारखे पुष्कळ. ताप किंवा दुखणे असल्यास वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल: दर किलोस दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास अंतर, दिवसातून चारहून अधिक वेळा नाही. ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही नाही. अंगावर पाजणे चालू ठेवावे, वरचे खाणे नेहमीचेच द्यावे. सुजलेल्या पायांत वाळे, चाळ, काळे दोरे असतील तर ते पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत, सूज वाढली की ते रुततात. डाग विरेपर्यंत तेल लावून रगडणे थांबवावे. नुसते कोमट पाणी पुरे. स्टेरॉइडने हा रोग लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि जंतुसंसर्ग नसेल तर प्रतिजैविकाचे काम नाही. तरीही काहीच औषध न देता परत पाठविणारा डॉक्टर आपल्या लोकांना पटत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. गल्लीत दुसरा दवाखाना असतोच, आणि तेथे सुई मिळते. ज्या डॉक्टरने तुमचे मूल नीट उघडे करून पाहिले, रक्त-लघवी तपासून घेतली आणि "थांबा, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा" असे सांगितले, त्याने उपचार केलेला असतो, हे कृपा करून ध्यानी घ्यावे.

दवाखान्यात ठेवावे की घरी? पहिले एकदोन दिवस, निदान पक्के होईपर्यंत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली असणे उत्तम. विशेषतः ज्यांचे गाव झाशीपासून दूर आहे त्यांनी तरी संकोच करू नये. घरी असताना रोज एकदा, उजेडात, मोबाइल फोनवर डागांचे छायाचित्र काढून ठेवावे. नव्या डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली तर तो पसरतो की नाही, हे सहज कळते. नवे डाग चारपाच दिवस उठत राहिले म्हणून घाबरू नये. परंतु मूल मलूल झाले, पोटासाठी कळवळून रडू लागले, शौचात वा लघवीत रक्त दिसले, लघवी कमी झाली, अंडकोश सुजून दुखू लागला किंवा सांधा हलवेनासा झाला, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नये.

एक ते तीन आठवड्यांत सर्व विरते आणि बहुधा मागे वणही राहत नाही. पुन्हा उद्भवणे विरळाच. लघवीची तपासणी सुरुवातीस एकदा व दोनतीन आठवड्यांनी पुन्हा एकदा करून घ्यावी, पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नये.

शेवटी लसीचा प्रश्न राहतो, कारण तो हटकून विचारला जातो. लस टोचल्यावर आठवड्याने असे डाग उठले, तर घरात लसीवरच राग निघतो आणि पुढच्या साऱ्या लसी बंद होतात. या वयात मुलाला दर महिना-दोन महिन्यांनी काही ना काही टोचलेले असते आणि दर महिना-दोन महिन्यांनी सर्दीही होत असते. त्यामुळे कशामागून काय आले, हे सांगणे सोपे नाही. घडलेली गोष्ट डॉक्टरच्या व लसीकरणाच्या कार्डावर अवश्य नोंदवून घ्यावी, डाग पूर्ण विरू द्यावेत, आणि मग गोवर-रुबेलाची नऊ महिन्यांची मात्रा असो की सोळा ते चोवीस महिन्यांमधली दुसरी असो, ती डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावीच. गोवर हा स्वतः काही किरकोळ रोग नव्हे.

आमचा वेळ संपत आला आहे. बाहेर चहा तयार असल्याची खूण चिटणीस दोनदा करून गेले. ज्या माता-भगिनींना आपल्या मुलांविषयी काही विचारावयाचे असेल, त्यांनी चहाच्या वेळी निःसंकोच यावे. काचेचा पेला आम्ही बरोबर आणलेला आहे.